संकटकाळ, घर आणि गृहिणी : खानदेशच्या अनुभवावरून काही विचार



आपल्या मंडळाची ही स्मरणिका दरवर्षी घरोघर पोचते. तिच्यात समाजाच्या पूर्वपीठिकेविषयी लेख असतात, देणगीदारांची नामावली असते, परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे असतात. हे सर्व उचितच होय. परंतु घराने संकटाला कसे तोंड दिले, या इतिहासाला मात्र आपल्या पृष्ठांत फारशी जागा मिळालेली नाही. दुष्काळ, पूर, साथ आणि भूकंप यांची वर्णने सरकारी दप्तरांत सापडतात. किती पाऊस पडला, किती गुरे मेली, किती तगाई वाटली, हे तेथे लिहिलेले असते. परंतु त्या रात्री चूल कोणी पेटविली, बियाणे कोणी राखले, मुलांना घराबाहेर कोणी काढले, याची नोंद तेथे क्वचितच आढळते. ते काम बहुधा स्त्रियांनी केले आणि दप्तर पुरुषांनी लिहिले, हेच त्याचे कारण असावे.

प्रस्तुत लेखात आम्ही त्या न लिहिलेल्या इतिहासाचा थोडासा मागोवा घेणार आहोत. तो घेताना आमच्या ध्यानात आलेली गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आपल्या समाजात संकटाची तयारी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीने केली. परंतु संकटसमयी निर्णय घेण्याचा अधिकार तिच्यापाशी ठेवला गेला नाही. साठा तिच्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी जेथे झाली, तेथे ऐन वेळी घराचे नुकसान झाले. हे विधान कोणास कठोर वाटेल. परंतु पुढील हकीकत वाचल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून पाहावे, एवढीच विनंती आहे.

आपले लोणखेडा गोमाई नदीच्या सान्निध्यात, शहादे शहराला लागून वसलेले. गोमाई सातपुड्यात उगम पावते आणि प्रकाशे येथे तापीस मिळते. डोंगरातून उतरणाऱ्या नदीचा स्वभाव असा की, आपल्या गावात पावसाचा थेंब नसतानाही वरच्या अंगास झालेल्या पावसाने तिला अकस्मात पूर यावा. दुसऱ्या बाजूस उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि पावसाने ओढ दिली की पेरणी वाया जाते. सातपुडा भूकंपापासूनही अलिप्त नाही. १४ मार्च १९३८ रोजी या पर्वताच्या टापूत मोठ्या भूकंपाची नोंद झालेली आहे. शेतावर विंचूसापांचे भय, घरात आगीचे भय, हे तर नित्याचेच. अशा प्रदेशात शेती करणाऱ्या आपल्या गुजर समाजाला संकट नवीन नव्हते, आणि म्हणूनच घराची रचना व स्वयंपाकघराची शिस्त संकट गृहीत धरूनच बसविलेली होती.

त्या शिस्तीचे स्वरूप नव्या पिढीस सांगणे अवश्य आहे. सुगीचे धान्य घरात आले की त्याचे भाग पडत. खाण्याचे धान्य कणगीत, म्हणजे शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या उंच पात्रात, ठेवीत. बळद हे भिंतीलगतचे बंद कोठार. पेव हा जमिनीत खोदलेला धान्याचा खड्डा. पेव उघडल्यावर आत एकदम उतरू नये, त्यातील कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो, प्रथम दिवा आत सोडून पाहावा, हे ज्ञान घरातल्या वृद्ध स्त्रियांनाही असे. बियाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून, वाळलेल्या भोपळ्यात किंवा मडक्यात वेगळे बांधून ठेवीत, आणि कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावीत नसत. उन्हाळा आला की पापड, कुरडया, शेवया, बिबड्या यांची वाळवणे पडत. आज आपण त्यांना हौस समजतो. परंतु भर पावसाळ्यात भाजी मिळत नसे, सरपण भिजलेले असे आणि घरात कोणी आजारी पडलेले असे, तेव्हा हीच वाळवणे घर तारून नेत. चुलीतला विस्तव राखेखाली रात्रभर जपणे, पिण्याच्या पाण्याचा एक रांजण झाकून राखणे, ओव्याची नि सुंठीची पुरचुंडी फळीवर ठेवणे, ही सर्व त्या काळची आपत्तीची तयारीच होती. तिला असे भारदस्त नाव नव्हते, एवढेच.

या तयारीचा आणखी एक भाग म्हणजे स्त्रीच्या अंगावरील दागिने. संकटात सर्वप्रथम तेच मोडले जात. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्या काळात मुंबईच्या टांकसाळीत चांदीचे दागिने वितळविण्यासाठी ढिगांनी येऊ लागले होते. गोठ, वाळे, तोडे, पैंजण यांच्या त्या लाटांत किती स्त्रियांचे स्त्रीधन होते, याची गणती कोणी केली नाही. या दुष्काळानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, आणि त्यावरून सरकारने दुष्काळी कामांचे नियम बांधले. सरकारची तयारी कागदावर उतरली ती तेव्हापासून. घराची तयारी मात्र कागदावर कधीच आली नाही.

पुढे १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ पडला. त्या वेळी पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा यांना केडगाव येथे आणले. त्यांची संख्या सुमारे ३०० होती. रमाबाईंना हे सुचले याचे कारण उघड आहे. त्यांचे स्वतःचे आईवडील व वडील बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांतच गेली होती. अन्न संपले की कुटुंब मोडते, आणि कुटुंब मोडले की तरुण स्त्री सर्वांत आधी उघडी पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. लागोपाठ १८९९-१९०० साली जो दुष्काळ आला, त्याला आपल्याकडील जुनी माणसे विक्रम संवत् १९५६ वरून ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत. गुजरात व खानदेश या दोन्ही प्रदेशांना त्याची झळ लागली. रमाबाई या वेळी गुजरातेतूनही मुली घेऊन आल्या. घराबाहेर पडलेल्या स्त्रीला एक दिवसही आसरा देण्याची सोय समाजाने आधी करून ठेवलेली नव्हती, हा या दोन दुष्काळांचा धडा होय.

याच काळात प्लेगची साथ आली. १८९६ साली ती मुंबईत प्रकट झाली आणि लवकरच पुण्यात शिरली. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला, गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या, आणि त्या झडत्यांत स्त्रियांच्या अब्रूची पर्वा ठेवली जात नाही म्हणून लोकांत मोठा क्षोभ उसळला. हा राजकीय इतिहास आपण शाळेत शिकवीत आलो. परंतु त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने पुण्याबाहेर रुग्णांची शुश्रूषा चालविली, प्लेगने आजारी असलेल्या एका मुलास स्वतः दवाखान्यात पोचविले, आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हेही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. गावोगाव तर उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याचा प्रघात पडला. कोठीखाली, कणगीमागे मेलेला उंदीर प्रथम दृष्टीस पडे तो झाडलोट करणाऱ्या स्त्रीच्या. संकटाची पहिली सूचना तिलाच मिळे. घर सोडावयाचे की नाही, हे मात्र दुसरे कोणी ठरवीत असे.

सूचना आणि निर्णय यांतील हे अंतर किती घातक ठरू शकते, याचा एक अनुभव आमच्या बालपणातला आहे, तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तापीला अपूर्व पूर आला. उकाईचे धरण तेव्हा पुरे झालेले नव्हते. सुरतेजवळ त्या पुराचा जोर दर सेकंदास सुमारे १५ लाख घनफूट इतका मोजला गेला. त्यातले बरेचसे पाणी आपल्याच काठांवरून खाली गेले होते. आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो आणि तापीकाठच्या आमच्या आजोळी गेलो होतो. मामा कामानिमित्त परगावी गेलेले. घरात आजी, मामी आणि आम्ही चार मुले. सायंकाळी पाणी गावाच्या पांढरीला लागले आणि शेजारचे लोक ओरडत गेले. मामी सामान आवरून उभी होती. परंतु उंबरा ओलांडेना. “ते आल्याशिवाय घर कसे सोडायचे?” एवढेच ती पुनःपुन्हा म्हणे. अखेर आजी तिला म्हणाली, “पोरी, पाणी काय त्याला विचारून येणार आहे? धर मुलांना.”

आजीने गुरांची दावी सोडून दिली, बियाण्याचा भोपळा आणि मेणकापडात गुंडाळलेली काड्याची पेटी घेतली, आणि आम्ही सर्व उंचावरच्या मळ्यात रात्रभर भिजत बसलो. सर्वांचे जीव वाचले. त्या भोपळ्यातल्या बियांवर पुढच्या वर्षी एक वाफा उभा राहिला, हेही आम्हाला आठवते. परंतु जमिनीची खते, सावकाराच्या फेडीची पावती आणि थोडे रोख पैसे ज्या पेटीत होते ती पेटी घरातच राहिली. तिची किल्ली मामांच्या करगोट्याला होती, आणि पेटीत काय आहे हे मामीला कोणी कधी सांगितलेच नव्हते. ते ठाऊक असते, तर तिने कुलूप फोडले असते. पाणी उतरल्यावर पेटी सापडली, परंतु आत कागदांचा लगदा झालेला होता. त्यांच्या नकला मिळविण्यात मामांची पुढील कित्येक वर्षे खर्ची पडली. मामांनी मामीस कधी बोल लावला नाही. उलट म्हातारपणी ते आम्हाला म्हणाले, “किल्ली मी नेली होती, चूक माझी.” हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

हा दोष एकट्या खेड्यांचा नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि भर दिवसा पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या शहरात शाळा होत्या, वर्तमानपत्रे होती, कचेऱ्या होत्या. तरीही पुष्कळ घरांना वेळेवर स्पष्ट सूचना मिळाली नाही. ज्या वेळी पाणी शिरले, त्या वेळी पुष्कळ पुरुष कामाच्या ठिकाणी आणि स्त्रिया घरी अशीच स्थिती असणार. दूरच्या देशाचे उदाहरण घ्यावयाचे तर बांगलादेशाचे घ्यावे. तेथे २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळच अधिक होते. त्याची कारणे पुढे शोधली गेली. धोक्याची सूचना बाजारात पुरुषांना मिळाली, घरापर्यंत आली नाही. नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून स्त्रिया घर सोडून आसऱ्याच्या जागी गेल्या नाहीत. बहुतेकींना पोहता येत नव्हते. आणि कडेवर मूल होते. आमच्या मामीच्या उंबऱ्यावरची गोष्ट तेथे हजारो उंबऱ्यांवर घडली. तेथील सरकारने व सेवाभावी लोकांनी यातून बोध घेऊन सूचना देणाऱ्या स्वयंसेवकांत स्त्रिया मोठ्या संख्येने घेतल्या, आणि त्यानंतरच्या वादळांत मृत्यूंची संख्या पुष्कळ खाली आली.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या सर्वांना आठवत असेल. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, शाळेत व कामावर मिळणारी सुकडी, कोरड्या पडलेल्या विहिरी, हे चित्र आम्ही स्वतः पाहिले आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. खडी फोडणारी, पाझर तलावाची माती वाहणारी, पोर झोळीत टाकून काम करणारी ती स्त्री त्या दुष्काळाचा खरा आधार होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि स्त्री-पुरुषांना कामाचा एकच दर हे तत्त्व त्यात आले. पुढे २००५ साली केंद्र सरकारने देशासाठी तसा कायदा केला. दुष्काळातील स्त्रीच्या श्रमातून देशाला एक कायदा मिळाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु इतिहास लिहावयाचा तर सोयीचा तेवढाच लिहून चालत नाही. त्या दोन वर्षांत आपल्यापैकी काही घरांच्या कणग्या अगदीच रित्या नव्हत्या. आणि त्याच गावात आपल्या शेतात राबणाऱ्या आदिवासी मजुरांच्या घरी दोन वेळची चूल पेटत नव्हती. याच सुमारास शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, श्रमिक संघटना स्थापन झाली, आणि आदिवासी स्त्रिया दारूबंदीसाठी व मजुरीसाठी पुढे आल्या. त्या चळवळीत आपल्या समाजाविषयी जे बोलले गेले ते ऐकणे आपल्याला सुखाचे नव्हते. तथापि पन्नास वर्षांनंतर त्याकडे शांतपणे पाहिले असता एवढे मान्य करावे लागते की, गावाच्या एका टोकास धान्य आणि दुसऱ्या टोकास उपासमार अशी स्थिती असताना संपूर्ण गाव सुरक्षित आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. घराची तयारी घरापुरती राहिली तर ती अपुरी असते.

यानंतर भूकंपाचा विचार करू. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. आठ ते दहा हजार माणसे गेली, ५२ गावे होत्याची नव्हती झाली. धक्का जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होता. माणसे मेली ती मुख्यतः घरांनी मारली. मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवून जड झालेले माळवद. आपल्याकडील धाब्याची घरे याच जातीची आहेत, हे प्रत्येकाने ध्यानात घ्यावे. गळते म्हणून दरवर्षी धाब्यावर खाऱ्या मातीचा थर चढविला जातो, जुना थर मात्र कोणी उतरवीत नाही.

किल्लारीनंतर जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. घरे दुरुस्त व बळकट करण्याच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. भिंतीचे दोन पदर जोडणारे दगड कोठे घालावे, छपराचे ओझे कसे कमी करावे, सरकारी मदतीचा हप्ता कोणत्या कामानंतर मिळतो, हे या अल्पशिक्षित स्त्रिया शिकल्या आणि त्यांनी ते घरोघर समजावून सांगितले. गवंड्याने काम चुकविले तर त्या त्यास हटकू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथील भगिनींना धीर द्यावयास व अनुभव सांगावयास गेल्या. जिला काल घराबाबत कोणी विचारीत नव्हते, तीच आज दुसऱ्या प्रांतात घरबांधणीविषयी सांगत होती. ज्ञान आणि अधिकार एका हाती आले म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण तर आपल्याच नंदुरबार जिल्ह्याचे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मागासलेला म्हणून ओळखला जातो. परंतु २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्राणवायू तयार करणारे संयंत्र जिल्ह्यात उभारून घेतले. २०२१ च्या एप्रिल महिन्यात मोठमोठ्या शहरांत लोक प्राणवायूसाठी तळमळत असताना त्या दूरदृष्टीचा जिल्ह्याला मोठा आधार झाला. संकट ओसरल्यावर निश्चिंत न होता पुढच्या संकटाची सोय करावयाची, हे सुगीनंतर कणगी भरणाऱ्या गृहिणीचेच तत्त्व होय. २०२० साली नर्मदाकाठच्या चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी, साथीच्या भयाने माता व बालके केंद्रावर येईनाशी झाली असता, लहानशा होडीतून स्वतः वल्ही मारीत, दिवसाकाठी सुमारे १८ किलोमीटर जाऊन-येऊन, पाड्यांवरील गरोदर स्त्रियांची व बालकांची वजने घेतली, त्यांना आहार पोचविला. त्या आपल्या ज्ञातीच्या नाहीत. तरीही त्यांचे नाव या स्मरणिकेत छापले जावे, अशी आमची इच्छा आहे.

आता आजच्या आपल्या घरांकडे वळू. कणगी गेली, पेवे बुजली, बळदाच्या जागी कपाट आले. दुकान जवळ आहे, गॅस आहे, भ्रमणध्वनी आहे. त्यामुळे महिन्याचा किराणा हाच साठा. यात सोय आहे, परंतु दोन दिवस वीज गेली किंवा रस्ता बंद पडला की पंपाचे पाणी थांबते, भ्रमणध्वनी मुका होतो आणि घर पूर्वीपेक्षा लवकर हतबल होते. धरणांनी पूर थांबले असेही समजू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. आपल्याकडे तापीवर प्रकाशे व सारंगखेडे येथे बॅरेज आहेत, आणि पावसाळ्यात दारे उघडून पाणी सोडले जाते. शेतात मोटार काढावयास गेलेल्या माणसाला ही सूचना वेळेवर कळली नाही तर काय होईल, हे सांगणे नको.

सरकारी पातळीवर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेसाठी कुटुंबातील १८ वर्षांवरील वडील स्त्रीलाच कुटुंबप्रमुख मानले. कायद्याने जे मान्य केले ते आपण घरात कितपत मान्य केले आहे, हा प्रश्न आहे. म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी सुचवितो.

प्रथम, शेताचा सात-बारा, खरेदीखत, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद यांच्या नकला मेणकापडी पिशवीत घालून उंच जागी ठेवाव्या, आणि त्या कोठे आहेत हे घरातील निदान दोन स्त्रियांस ठाऊक असावे. किल्ली एकाच्या खिशात राहू नये. शेतावर व घरावर पत्नीचे नाव लावण्यास जे कचरतात, त्यांनी १९६८ ची आमच्या आजोळची हकीकत पुन्हा एकदा वाचावी.

दुसरे, तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, शिजविल्यावाचून खाता येईल असे अन्न, नित्याची औषधे, विजेरी, काड्याची पेटी, लहान मुलांचे व पाळीच्या काळातील कापड यांचे एक गाठोडे पावसाळ्याच्या आरंभी बांधून ठेवावे. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. हे प्रमाण प्रत्येक मुलीला पाठ असावे.

तिसरे, क्रमांक भ्रमणध्वनीत ठेवून भागत नाही, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावे. कोणत्याही तातडीस ११२, रुग्णवाहिकेस १०८, गरोदर माता व तान्ह्या बाळांसाठी १०२, जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७, संकटातील स्त्रीस १८१ आणि गॅसगळतीस १९०६. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्या आणि बाहेर पडून दूरध्वनी करावा. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अवयव न हलविता रुग्णास थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

चौथे, पाण्याची वा भूकंपाची चाहूल लागताच घर सोडण्याचा निर्णय घरात जी व्यक्ती हजर असेल तिने घ्यावा, आणि त्याबद्दल तिला मागाहून कोणी जाब विचारू नये. हे आधीच, सर्वांच्या समक्ष, ठरलेले असावे. पूर आल्यास कोणत्या उंच जागी जमायचे, हेही ठरलेले असावे. गरोदर सून, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, आणि घरी एकटी राहणारी शेजारीण यांना कोणी न्यायचे, याचीही वाटणी तेव्हाच व्हावी. ती करताना मजुरांच्या वस्तीला वगळू नये.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांस आमची एक नम्र सूचना आहे. प्रतिवर्षी आपला मेळावा भरतो, भाषणे होतात, सत्कार होतात. पुढील मेळाव्यात एक तास या विषयासाठी राखून ठेवावा आणि तो स्त्रियांच्या हाती सोपवावा. ज्या वृद्ध भगिनींनी १९६८ चा पूर व १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांच्याकडून त्या काळच्या हकीकती लिहून घ्याव्या आणि पुढील स्मरणिकेत त्यांच्या नावांनिशी छापाव्या. त्यांपैकी पुष्कळजणी आज आपल्यात नाहीत. आमची आजी आणि मामी दोघीही गेल्या. ज्या आहेत त्यांना विचारण्यास आता फार अवधी उरलेला नाही. मुलींना पोहावयास शिकविण्याची सोय करता आली तर ती याच वर्षी करावी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आम्ही वर्गात मुलांना पस्तीस वर्षे शिकविले. परंतु विहिरीचा दोर कोणाच्या हाती असावा, हे शिकवावयाचे राहून गेले. ती उणीव या लेखाने काही अंशी जरी भरून निघाली, आणि एखाद्या घरात आज रात्री पेटीची दुसरी किल्ली गृहिणीच्या हाती आली, तरी आमचा हा अल्प प्रयत्न सफल झाला असे आम्ही समजू. इत्यलम्.